अंगणवाडी : मुलाच्या शिक्षणाची पहिली पायरी

मूल सहा वर्षांचे झाले की त्याचे नाव शाळेत घालावे, हे आता आपल्या वस्तीत कोणाला सांगावे लागत नाही. परंतु तीन ते सहा या वयाचे काय, हा विचार आपण अजून तितक्या गांभीर्याने करीत नाही. ज्यांना परवडते ते खाजगी बालवर्गाची फी भरतात. ज्यांना परवडत नाही त्यांचे मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर वाढते, आणि त्या बहिणीची शाळा बुडते ती वेगळीच. वास्तविक या वयासाठी शासनाची विनामूल्य अंगणवाडी आहे. तिचा इतिहास, आपला हक्क आणि नाव नोंदविण्याची रीत यांचा येथे क्रमाने विचार करू.

१) अंगणवाडी कोठून आली?

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. गावच्या बालवाडीत अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील मुले येत नाहीत असे दिसले, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. महागडी साधने नव्हती. खडे, बिया, पाने हीच साधने झाली. अंगणातील बालवाडी ती अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. म्हणजे जी वस्ती शाळेपासून दूर ठेवली गेली होती, तिच्यासाठीच ही कल्पना प्रथम आकारास आली. आपणच तिच्याकडे पाठ फिरवावी हे योग्य नव्हे.

२) आपला हक्क किती?

मूळ घटनेच्या ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांच्या मोफत शिक्षणाचा निर्देश होता. त्यात सहा वर्षांखालील मुलेही येत होती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटास शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन व शिक्षण मात्र मार्गदर्शक तत्त्वांतच राहिले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे ११ वे कलमही याबाबत शासनाने व्यवस्था करावी एवढेच सुचविते. याउलट २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने अंगणवाडीतील मोफत आहार हा सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाचा कायदेशीर हक्क ठरविला.

हा फरक नीट समजून घ्यावा. आहार कायद्याने मागता येतो. शिक्षण बरेचसे पालकांच्या आग्रहावर अवलंबून राहते. म्हणूनच अनेक ठिकाणी अंगणवाडी म्हणजे खिचडीचे केंद्र एवढीच समजूत झाली आहे. आई डबा घेऊन येते, खिचडी नेते. मुलाचे नाव पटावर आणि मूल घरी. अशा मुलास अन्न मिळाले, पण तीन वर्षांचे शिक्षण गेले.

३) नाव कसे नोंदवावे?

आपल्या भागातील अंगणवाडी सेविकेस भेटावे. शाळेप्रमाणे जूनची वाट पाहावी लागत नाही. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, दारिद्र्यरेषेच्या दाखल्याची अट नाही. जन्मदाखला, लसीकरणाचे कार्ड आणि आईचे आधार कार्ड सोबत न्यावे. मुलाचे आधार कार्ड निघाले नसेल तर आईच्या आधारावर नोंद होते.

वस्तीत अंगणवाडीच नसेल तर? १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथे मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी. तेव्हा मुलांची नावे व जन्मतारखा यांची यादी करून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा, त्यात या आदेशाचा उल्लेख करावा आणि अर्जाची पोच घ्यावी. तोंडी मागणीचा पुरावा राहत नाही.

४) नाव नोंदविल्यानंतर

मूल रोज वेळेवर पाठवावे. सुरुवातीचे काही दिवस ते रडेल. तेवढ्यावरून घरी ठेवू नये. घरी आल्यावर आज कोणते गाणे म्हटले, काय मोजले, कोणती गोष्ट ऐकली, हे विचारावे. आठवडाभर उत्तर मिळाले नाही तर सेविकेस आदराने विचारावे. सर्वेक्षण, वजने आणि नोंदी यांचे ओझे तिच्यावर असते. दोष देण्याआधी अडचण समजून घ्यावी.

काही पालकांना मुलाने लगेच ए बी सी डी लिहावी असे वाटते. तो आग्रह नसावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही पाच वर्षे एकच पायाभूत टप्पा मानली असून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. मण्यांच्या माळा ओवणारे, बिया वेगळ्या करणारे मूल बोटांना आणि बुद्धीला वळण लावीत असते. लेखणी त्यानंतर हाती येते.

एक गोष्ट मात्र मुळीच खपवून घेऊ नये. खाऊच्या पंगतीत मुलांना जातीवरून वेगळे बसविले जात असेल तर ती अस्पृश्यता आहे. घटनेच्या १७ व्या कलमाने ती नष्ट केली असून तिचे पालन हा कायद्याने गुन्हा आहे. मुख्यसेविका व प्रकल्प अधिकारी यांच्याकडे त्याच दिवशी लेखी तक्रार द्यावी.

आपल्या सभासदांनी व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एवढे करावे : आपल्या गल्लीतील तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलांची यादी करावी, ती अंगणवाडीच्या पटाशी ताडून पाहावी आणि पटावर असून घरी राहणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना भेटावे. एका रविवारचे हे काम आहे. दर सहा महिन्यांनी ते पुन्हा केले तर आपल्या वस्तीतील एकही मूल पहिलीच्या वर्गात अगदी कोरे जाणार नाही.