जड गिअरची हौस

नाशिकच्या द्वारका चौकात वाहतूक सुटली की एसटी, ट्रक, रिक्षा सगळे एकदमच निघतात. सायकलवाल्याला पहिल्या दोन पायडलांतच वेग धरावा लागतो. जड गिअरमध्ये थांबलेली सायकल नेमकी तिथेच दगा देते. सगळं अंग पायडलवर टाकलं तरी ती जागची हलत नाही, आणि हलली की हँडल डावीउजवीकडे झुलायला लागतं. उभ्या सायकलचा गिअर बदलताही येत नाही. चेन फिरत असेल तरच ती एका चक्रावरून दुसऱ्यावर जाते. म्हणून उड्डाणपुलाखाली शिरतानाच, ब्रेक दाबायच्या आधी, दोन-तीन गिअर हलके करून ठेवावेत.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली. त्या कौतुकाच्या भरात गिअरची सायकल घेणाऱ्यांत मीही होतो. दुकानदार म्हणाला, “जड गिअर मारा, पाय बनतील.” पाय काही बनले नाहीत, जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीखाली कळ मात्र यायला लागली.

हिशेब सोपा आहे. माझ्या सायकलला पुढचं मोठं चक्र ४२ दात्यांचं, मागचं सर्वांत लहान १४ चं. पायडलच्या एका फेऱ्यात चाक तीनदा फिरतं. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास. आता मागे २० दात्यांचं चक्र घ्या. तोच वेग ठेवायला मिनिटाला ८६ फेरे लागतात, पण पायडलवरचा जोर ३० टक्क्यांनी उतरतो. रस्ता तोच, वेळ तोच. बोजा गुडघ्यावरून दमावर जातो. आणि दम लवकर भरून येतो, गुडघा येत नाही.

फेरे मोजायला यंत्र नको. उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा आणि चारने गुणा. सपाट रस्त्यावर ८० ते ९० च्या आसपास बहुतेकांना मानवतं. सुरुवातीला हे उगाच घाई केल्यासारखं वाटतं. सीटवर उसळायला लागलात तर गिअर फारच हलका झाला, एक जड करा. पायडल ढकलताना खांदे हलत असतील तर उलटं.

‘२१ गिअर’ या पाटीला फार भुलू नका. माझ्याकडे पुढे ४२, ३४, २४ दाते आहेत. मागे अनुक्रमे २४, २०, १४ लावले तर तिन्ही जोड्या जवळपास सारख्याच चालतात. त्यातली मधली वापरावी. बाकी दोन्हींत चेन तिरकी ओढली जाते, करकरते आणि लवकर झिजते.

पुणे रोडने सिन्नरला जाताना मोहदरी घाटात तर गिअर चढण लागायच्या आधीच पाडावा. अर्ध्या चढात, पूर्ण जोर असताना पाडायला गेलात तर चेन खडखडते, कधी उतरतेही. मग घाटात काळे हात घेऊन उभं राहायचं.

हलक्या गिअरवरही गुडघ्यापुढे दुखत असेल तर सीट बघा. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेलं की पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. आपल्याकडे बहुतेकांची सीट याहून बरीच खाली असते, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकवायची सवय. चौकात एक पाय टेकला तरी भागतं.