वाहतूक अभियांत्रिकी : अभ्यास आणि संधी

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. दहावीनंतर कोणती वाट कुठे जाते हे सांगणारे घरी कोणी नव्हते. मी कला शाखेत आले. येथे भूगोल शिकताना एका शास्त्राची ओळख झाली. ते म्हणजे वाहतूक अभियांत्रिकी.

हे शास्त्र म्हणजे केवळ रस्ते व पूल बांधणे नव्हे. माणसे किती निघतात, कोठे जातात, कोणत्या साधनाने जातात आणि कोणत्या मार्गाने, हे चार प्रश्न ते आधी सोडवते, बांधकाम त्यानंतर.

आपल्याच भागाचे उदाहरण घेऊ. माझे आजोबा गिरणीत होते. भोंगा झाला की लालबागच्या चाळीतून पायी कामावर. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर त्या जमिनींवर कचेऱ्या, मॉल उभे राहिले. तेथला नोकरदार विरार-कल्याणहून लोकलने येतो. जमिनीचा वापर बदलला, तसा प्रवासही बदलला. स्थानकांचे जिने मात्र त्या मानाने रुंदावले नाहीत.

29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी, पावसात, एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसे दगावली. माझे बाबा रोज त्याच जिन्याने जात. दुपारपर्यंत त्यांचा फोन लागला नाही. ते सुखरूप परतले. पण आईने त्या दिवशी चूल पेटवली नाही.

‘लोकांनी धीर धरायला हवा होता,’ असे तेव्हा चाळीत पुष्कळांनी म्हटले. शास्त्र वेगळे सांगते. जिन्याच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला फार तर साठेक माणसे जाऊ शकतात. समजा, जिना चार मीटर रुंद आहे आणि एका गाडीतून हजार माणसे उतरली. तो रिकामा व्हायला चार मिनिटांहून अधिक वेळ लागेल. तेवढ्यात दुसरी गाडी आली तर? एका चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसे झाली की गर्दी पाण्यासारखी लोटली जाते, असे अमेरिकन अभ्यासक जॉन फ्रुइन यांनी दाखवून दिले आहे. तेथे कोणाचा धीर उपयोगी पडत नाही. जिन्याची रुंदी आधी मोजावी लागते.

आता अभ्यासाची वाट. बारावी विज्ञान, प्रवेश परीक्षा, मग स्थापत्य अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी. 1887 साली स्थापन झालेली व्हीजेटीआय आपल्या माटुंग्यालाच आहे. दहावीनंतर पदविका करूनही पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. पुढे ‘गेट’ परीक्षा देऊन पवईच्या आयआयटीत वाहतूक प्रणालीचे एम.टेक. करता येते. रेल्वे, महापालिका, सार्वजनिक बांधकाम खाते, एमएमआरडीए, मेट्रो आणि खाजगी सल्लागार संस्था यांना असे अभियंते लागतात. सरकारी जागा थोड्या व स्पर्धा मोठी, हेही ध्यानात ठेवावे.

आणि आपण कलाशाखेचे? नवी दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये परिवहन नियोजनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. भूगोल, अर्थशास्त्र वा समाजशास्त्र घेऊन एम.ए. झालेल्यांनाही तेथे दार उघडे असते. मी त्या दारापर्यंत पोहोचेन की नाही, ठाऊक नाही. पण धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे. त्याला वाट सांगणारे आता घरात कोणीतरी आहे.