🚜 *जुना ट्रॅक्टर भाड्याच्या गाडीवरून नेताना*



खरिपाच्या आधी जुने ट्रॅक्टर कामासाठी गॅरेजला जातात. काही सभासद बाहेरच्या तालुक्यातून जुना ट्रॅक्टर विकत घेऊन येतात. अंतर लांब असलं की भाड्याचा टेम्पो किंवा ट्रेलर ठरवला जातो. त्यासाठी आजची माहिती.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा: *जुन्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही.* लायनर झिजलेले असतात, सील गळून त्यावर तेल आलेलं असतं, हँडब्रेकचे दाते गुळगुळीत झालेले असतात. शेतात हे चालून जातं, रॅम्पवर आणि हायवेवर नाही. ट्रॅक्टर जागेवर राहणार तो साखळी आणि पाचरीमुळे, असं धरूनच तयारी करा.

*१) वजनाचा हिशेब*
४० ते ५० एचपीचा ट्रॅक्टर साधारण १८०० ते २१०० किलो भरतो. पण मागच्या टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर एकेका टायरला दीडशे-दोनशे किलो वाढतात. चाकाची लोखंडी वजनं वेगळी. रोटाव्हेटर मागे राहिला तर आणखी ४०० किलोच्या आसपास. म्हणजे "दोन टनाचा" ट्रॅक्टर बघता बघता पावणेतीन टनांवर जातो.
👉 अवजार सोडून वेगळं न्या. टायरमधलं पाणी काढता आलं तर काढा.
👉 गाडीचं आरसी बुक बघा. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, तेवढीच तिची क्षमता. छोटा हत्ती किंवा पिकअप या कामाची नाही.
👉 जादा वजनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे.

*२) गाडी ठरवताना विचारा*
रॅम्प आहे का? साखळ्या आणि त्या ताणायचे टर्नबकल आहेत का? तळाच्या फळ्या किंवा पत्रा कुजलेला नाही ना? ड्रायव्हरने आधी ट्रॅक्टर नेलाय का? भाडं दोनशे रुपयांनी कमी पण साखळीच नाही, अशी गाडी घेऊ नका.

*३) चढवताना*
बहुतेक धोका इथेच आहे. चढावर पुढे तोंड करून गिअर टाकला आणि मागची चाकं अडली, तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर एक-दीड सेकंदात मागे उलटतो. उडी मारायला वेळच मिळत नाही.
✅ गाडी सखल जागेत घेऊन तिचं शेपूट बांधाला किंवा धक्क्याला लावा, चढ कमी होतो. रॅम्पच वापरायचा तर उंचीच्या चौपट लांब हवा. गाडीचा तळ साडेतीन फूट उंच असेल तर रॅम्प १४ फूट.
✅ रॅम्पची वरची कड गाडीला बांधा, नाहीतर चाक चढताना रॅम्प मागे सरकतो. गाडीच्या चाकांनाही पाचर लावा. ट्रेलर असेल तर शेपटाखाली ओंडक्याचा टेकू द्या.
✅ डाव्या-उजव्या ब्रेकची पेडलं कडीने *एकत्र जोडा*. एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर वळून रॅम्पवरून खाली जातो.
✅ ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये, लो गिअरमध्ये चढवा. जड बाजू चढाच्या वर राहते. मध्येच क्लच दाबू नका.
✅ इशारा करणारा माणूस एकच, तोही बाजूला. रॅम्पच्या खाली किंवा मागे कोणी नको, पोरं तर अजिबात नकोत.
✅ बंद ट्रॅक्टर चेन कप्पीने ओढा. साखळी खाली ड्रॉबारला किंवा एक्सलला लावा, वर नको. ताणलेल्या साखळीच्या रेषेत उभं राहू नका.

*४) बांधताना*
जोरात ब्रेक लागला की वजनाच्या ८० टक्क्यांइतका जोर पुढे येऊ शकतो. २ टनाचा ट्रॅक्टर १६०० किलोने केबिनकडे ढकलतो. नायलॉनचा दोर तेवढ्यात ताणतो आणि एकदा हलला की झटक्याने तुटतो.
👉 चार कोपऱ्यांना चार साखळ्या. मागे एक्सलच्या हाउसिंगला, पुढे फ्रंट एक्सलच्या बीमला.
👉 टायरॉड, स्टिअरिंग, लिफ्टचे दांडे आणि मडगार्ड यांना साखळी *लावायची नाही*.
👉 चारही चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर लावून खिळे ठोका. दगड धक्क्याने निसटतो.
👉 टायरमध्ये हवा बरोबर ठेवा. टायर दबला की साखळी ढिली पडते.
👉 इंजिन बंद, लो गिअर, हँडब्रेक, डिझेलचा कॉक बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडलेली.
👉 ट्रेलर असेल तर वजन त्याच्या चाकांच्या थोडं पुढे घ्या. शेपटाकडे गेलं की ट्रेलर डोलतो.

*५) रस्त्यावर*
छत आणि उभा सायलेन्सर काढून ठेवा, गावाकडच्या विजेच्या तारा लोंबलेल्या असतात. सायलेन्सरच्या तोंडाला फडकं घट्ट बांधा. १५-२० किलोमीटरवर थांबून साखळ्या पुन्हा आवळा, पुढेही प्रत्येक थांब्यावर बघा. *ट्रॅक्टरच्या सीटवर किंवा मागे मोकळ्या जागेत कोणीही बसायचं नाही.* ट्रॅक्टरचे कागद आणि खरेदीची पावती सोबत ठेवा.

*६) उतरवताना*
घाई इथेच होते, घर समोर दिसत असतं. पाचरी जागेवर ठेवून आधी साखळ्या सोडा, ड्रायव्हर सीटवर बसून इंजिन चालू झालं की मगच पाचर काढा. लो गिअरमध्ये, क्लचला पाय न लावता उतरा. क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटते आणि ट्रॅक्टर मोकळा धावतो.

हा मेसेज भाड्याच्या गाडीवाल्याला पण पाठवा. काही अडचण असेल तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज करा.

🙏 आपली शेतकरी उत्पादक कंपनी