जन्मापूर्वीची ओळख

अभिमन्यूची कथा महाराष्ट्रातील बहुतेक मुलांना ठाऊक असते. सुभद्रेच्या उदरात असतानाच त्याने चक्रव्यूहात शिरण्याची युक्ती ऐकली; परंतु मध्येच सुभद्रेला झोप लागली आणि बाहेर पडण्याची युक्ती ऐकावयाची राहून गेली, असे सांगतात. कथा मोठी हृदयंगम आहे. परंतु आईच्या पोटातील बाळास खरोखरच काही ऐकू येते काय? आणि ऐकलेले त्याच्या ध्यानात राहते काय?

गर्भाच्या ज्ञानेंद्रियांपैकी प्रथम जागा होतो तो स्पर्श. ८व्या आठवड्याच्या सुमारास, गर्भ भुईमुगाच्या दाण्यापेक्षा फारसा मोठा नसतो तेव्हाच, ओठांजवळ काही लागले तर तो मान वळवितो. पुढे तो हातपाय हलवितो, गर्भजलाचे घोट घेतो, अंगठाही चोखतो. आईने खाल्लेल्या लसणाचा वास त्या गर्भजलालाही येतो! पापण्या मात्र २६व्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. त्या अंधाऱ्या घरात डोळ्यांना काम ते काय असणार?

कानांचे तसे नाही. सहाव्या-सातव्या महिन्यात गर्भ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो. मोठा आवाज झाला की तो दचकतो. तेथे शांतता असते असे मात्र कोणी समजू नये. आईच्या हृदयाची धडधड आणि आतड्यांची गुरगुर तेथे अखंड चालू असते. विहिरीत बुडी मारलेल्या मुलाला काठावरच्या सवंगड्यांचा ओरडा जसा ऐकू येतो, तसे बाहेरचे बोलणे गर्भाला ऐकू येते. शब्द पुसट होतात. हेल आणि लय तेवढी पोहोचते. आईचा आवाज तर तिच्या शरीरातूनही येतो, म्हणून तो अधिक स्पष्ट.

पण हे त्याच्या ध्यानात राहते, हे कळावे कसे? नवजात अर्भकास विचारता येत नाही. अमेरिकेतील अँथनी डीकॅस्पर या मानसशास्त्रज्ञाने यावर एक सुरेख तोड काढली. अर्भकास बोलता येत नसले तरी चोखता येते! १९८० साली विल्यम फायफर यांच्यासह त्याने तीन दिवसांहूनही लहान अशा १० अर्भकांच्या तोंडी रबरी चोखणी दिली. एका विशिष्ट लयीत चोखले की कानावर आईचा आवाज येई. लय बदलली की परक्या स्त्रीचा. १० पैकी ८ अर्भकांनी आईचा आवाज ऐकू येईल अशीच लय धरली.

यावर कोणी म्हणेल, जन्मानंतर दोन दिवसांत आईचा आवाज ओळखीचा झाला असेल. शंका रास्त होती. म्हणून १९८६ साली डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी गर्भवती स्त्रियांना शेवटचे सहा आठवडे एकच गोष्ट रोज दोनदा मोठ्याने वाचावयास सांगितले. जन्मानंतर त्यांच्या अर्भकांनी तीच गोष्ट ऐकण्यासाठी चोखण्याची लय बदलली. एवढेच नव्हे, तर ती दुसऱ्या स्त्रीने वाचली तरीही! ज्यांना ती गोष्ट पूर्वी ऐकविलेली नव्हती, त्या अर्भकांना दोन्ही गोष्टी सारख्याच.

गोष्टीचा अर्थ त्या बाळांना कळला नव्हता, हे उघड आहे. त्यांनी ओळखली ती तिची चाल. तेव्हा चक्रव्यूहाची युक्ती गर्भात शिकता येणे शक्य दिसत नाही. परंतु ती सांगणाऱ्याच्या बोलण्याचा हेल अभिमन्यूस जन्मतःच परिचित असता, असे म्हणावयास हरकत नाही.

हा हेल बाळाच्या रडण्यातही उतरतो की काय, हे पाहण्यासाठी काही संशोधकांनी ३० फ्रेंच व ३० जर्मन नवजात अर्भकांचे रडणे ध्वनिमुद्रित केले. २००९ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. फ्रेंच बोलण्यात सूर बहुधा शेवटाकडे चढतो, जर्मन बोलण्यात उतरतो. अवघ्या दोन ते पाच दिवसांची ती बाळे. परंतु फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर बहुधा चढत जाई आणि जर्मन बाळांचा उतरत जाई.