आधी लॉग वाच

चि. निनाद यास,


प्रवेश अर्ज भरलेल्या मुलांना पोचपावतीचे मेल मिळत नाहीत, असं तू कळवलंस आणि लगेच विचारलंस, ‘पोस्टफिक्स पुन्हा बसवू का? पोर्ट बदलू का? नवा आयपी मागू का?’ माझं ऐकशील तर अजून कशालाच हात लावू नकोस. आधी लॉग वाच. मेल का गेला नाही, याचं कारण सर्व्हरने बहुतेक वेळा तिथे लिहून ठेवलेलं असतं.

पीएचपीचं मेल फंक्शन ‘ट्रू’ देतंय, म्हणजे मेल गेला, असं तू धरून चाललायस. पत्र टपालपेटीत पडलं, एवढाच त्याचा अर्थ. पुढचा प्रवास मेल लॉगमध्ये सापडतो. मेल न मिळालेल्या एका मुलाचा पत्ता घे आणि लॉगमध्ये शोध. ओळच नसेल तर बहुधा अ‍ॅप्लिकेशनने मेल पोस्टफिक्सच्या, म्हणजे मेल सर्व्हरच्या, हाती दिलेलाच नाही. तेव्हा कोड तपास. ओळ असेल तर तिच्या शेवटाकडे ‘सेंट’, ‘डिफर्ड’ किंवा ‘बाउन्स्ड’ असेल आणि पुढे कारण.

पलीकडच्या सर्व्हरने उत्तर दिलं असेल तर त्यातला पहिला आकडा नीट बघ. जॉन पोस्टेल यांनी 1982 मध्ये लिहिलेल्या मेल पाठवण्याच्या एसएमटीपी नियमांपासून त्याचा अर्थ बदललेला नाही. 2 म्हणजे घेतलं, 4 म्हणजे आत्ता नाही, 5 म्हणजे घेणार नाही. 4 आलं तर धीर धर. अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा मुद्दाम परत पाठवायची काहींची पद्धतच आहे. पोस्टफिक्स आपणहून पुन्हा प्रयत्न करतो, मूळ सेटिंगप्रमाणे 5 दिवस. रांग सारखी ढकलत बसू नकोस. 5 आलं असेल तर कारण दूर केल्याशिवाय पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही.

मग स्वतःला विचार: मेल कुणाकुणाचे अडलेत? बाहेरचे सगळेच अडलेत आणि लॉगमध्ये ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ दिसतंय, तर बहुधा 25 नंबरचं पोर्ट बंद आहे. स्पॅम रोखण्यासाठी अनेक क्लाउड कंपन्या ते बंदच ठेवतात. त्यांच्याशी झगडण्यापेक्षा 587 वरून एखाद्या रिले सेवेमार्फत मेल पाठव.

फक्त कॉलेजच्याच पत्त्यांवरचे अडलेत, तर पोस्टफिक्सच्या सेटिंगमधली ‘मायडेस्टिनेशन’ची ओळ बघ. कॉलेजच्या मेलपेट्या दुसरीकडे आहेत आणि तुझ्या वेब सर्व्हरवर त्या ओळीत कॉलेजचं डोमेन लिहिलंय, असं झालं की पोस्टफिक्स मेल बाहेर पाठवतच नाही. पेटी आपल्याकडेच शोधतो आणि ‘युजर अननोन’ म्हणून परत करतो.

फक्त जीमेलचे अडलेत, तर ओळख पटवून देण्याचा प्रश्न असण्याची शक्यता मोठी. फेब्रुवारी 2024 पासून गूगल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम ही ओळखीची खूण मागतं, आणि जीमेलवर दिवसाला 5000 हून जास्त मेल पाठवणाऱ्यांकडून हे दोन्ही आणि डीमार्कही. तू दोन्ही लावून ठेव. एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच असते. दोन झाल्या की दोन्ही निकामी. आयपीचा उलटा डीएनएस सर्व्हरच्या नावाशी जुळतो का, तेही बघ. आणि फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता ‘फ्रॉम’मध्ये कधी घालू नकोस. तो ‘रिप्लाय-टू’मध्ये घाल, ‘फ्रॉम’ कॉलेजचाच ठेव. दुसऱ्याच्या नावाने आलेलं पत्र नाकारायचा पलीकडच्याला हक्क आहे, आणि तो त्याने बजावावा हेच आपल्याही हिताचं आहे.

लॉग ‘सेंट’ म्हणतोय आणि मुलाला मेल दिसत नाही, तर स्पॅमचा फोल्डर बघायला सांग. तिथे सापडला तर मूळ मजकूर उघडून कुठली तपासणी फसली ते वाच.

एका वेळी एकच बदल कर, तपास, वहीत टिपून ठेव. चार बदल एकदम केलेस आणि मेल जायला लागला, तर कशाने गेला हे तुला कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. आणखी एक गोष्ट: वेब सर्व्हरच्या युजरच्या नावाने जाणारे मेल परत येतात तेही त्याच्याच पेटीत, आणि ती कोणी उघडत नाही. ते मेल आणि पोस्टमास्टरचा पत्ता अशा माणसाकडे वळव, जो रोज वाचेल.

दुरुस्ती झाली की काम संपलं, असं मात्र समजू नकोस. बाउन्स झालेला मेल रांगेतून गेलेला असतो, तो आपणहून पुन्हा जात नाही. पावती न मिळालेला मुलगा अर्ज पोचलाच नाही असं समजून पुन्हा भरेल, कदाचित फीसुद्धा पुन्हा भरेल. म्हणून लॉगमधून अशा सगळ्यांचे पत्ते काढ, यादी आजच ऑफिसात दे आणि प्रत्येकाला पावती नव्याने पाठव. त्या यादीतलं शेवटचं नाव ‘सेंट’ झालं की मला कळव.

तुझी,
मावशी