गाडी विकली, पण आरसीवर नाव कुणाचं?

2007 च्या जुलैमध्ये उत्तरेतल्या एका गृहस्थाने आपली मोटार विकली. पैसे मिळाले, किल्ली दिली, विषय संपला असं त्याने धरलं. ती गाडी पुढे दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, तिसऱ्याकडून चौथ्याकडे गेली. 27 मे 2009 रोजी रिव्हर्स घेताना तिने दोघांना धडक दिली. एक बाई जखमी झाली आणि तिच्यासोबतचा मुलगा दगावला. गाडीचा विमा नव्हता. आरसीवर नाव मात्र अजून पहिल्याच मालकाचं होतं. भरपाई कुणी द्यायची, हा वाद पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोचला. 6 फेब्रुवारी 2018 रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालाने तो मिटला: मोटार वाहन कायद्याच्या कलम 2(30) नुसार ज्याच्या नावावर नोंदणी, तोच मालक. गाडी कधीच हातावेगळी केलेल्या माणसावर जबाबदारी आली.

हा निकाल वर्धा जिल्ह्यातल्या प्रत्येक जुन्या गाडीच्या सौद्याला लागू आहे. सुटीत बोर व्याघ्र प्रकल्पाकडे फिरायला म्हणून कुणी जुनी जिप्सी घेतो, कुणी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर व्हॅन करायचं म्हणतो. सौदा बहुतेक ओळखीतच होतो. पाचशेच्या स्टॅम्पवर विक्रीचा करार, डिलिव्हरी नोट, आणि 29-30 च्या कोऱ्या फॉर्मवर विकणाऱ्याच्या सह्या. घेणारा म्हणतो, "नाव मी करून घेतो, भाऊ." आणि विकणाऱ्याचं लक्ष तिथेच सुटतं.

तिथेच ते सुटू नये. कोऱ्या फॉर्मवरची सही घेऊन गाडी तिसऱ्या, चौथ्या हाताला सहज विकता येते आणि मधल्या कुणाचंच नाव कुठे लागत नाही. फॉर्म 29 म्हणजे विकणाऱ्याने आरटीओला दिलेली विक्रीची सूचना. त्यावर घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि तारीख आपल्यासमोर भरली पाहिजे. फॉर्म 30 वर दोघांच्याही सह्या लागतात. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवायचं, असं कलम 50 सांगतं. कर्जाची गाडी असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन आधी बोजा उतरवावा लागतो. स्टॅम्पपेपरवरचा करार दोघांतल्या भांडणात उपयोगी पडतो. आरसीवरचं नाव त्याने बदलत नाही.

वर्ध्यात याला आणखी एक बाजू आहे. जिल्ह्यात दारूबंदी आहे. एमएच-32 ची एखादी गाडी दारूसह पकडली गेली, तर चौकशी सुरू होते ती नोंदणीतल्या नावापासून. तोवर गाडी तीन हात फिरलेली असली, तरी ठाण्यात खुलासा द्यायला पहिल्या मालकालाच जावं लागतं, आणि तेव्हा हातात फॉर्म 29 ची पोच असणं फार मोलाचं ठरतं.

आता कराचं. महाराष्ट्रात खासगी मोटारीचा कर सुरुवातीलाच एकरकमी भरलेला असतो आणि तो गाडीबरोबर जातो. आर्वीच्या माणसाने हिंगणघाटच्या माणसाला गाडी विकली तर तो पुन्हा लागत नाही, हस्तांतरणाची फी तेवढी लागते. मध्य प्रदेश किंवा तेलंगणातून गाडी स्वस्तात आणणाऱ्यांनी मात्र हिशोब नीट करावा. तिथल्या आरटीओची एनओसी हवी, बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यावा लागतो आणि गाडीच्या वयानुसार इथला करही भरावा लागतो. गाडी पंधरा वर्षांची झाली असेल तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांचा खर्च धरूनच भाव ठरवावा.

जीएसटीच्या बाबतीत डिसेंबर 2024 मध्ये विनाकारण घबराट पसरली होती. जुन्या गाड्यांवरचा 18 टक्के कर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्याच्या रकमेवर आहे. नोकरदाराने आपली वापरती गाडी शेजाऱ्याला विकली तर त्याला जीएसटी नाही. घरच्या वापराची गाडी आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता नसल्याने त्या विक्रीवर भांडवली नफ्याचा करही लागत नाही. धंद्याच्या हिशोबात घसारा घेतलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. पैसे मात्र बँकेतूनच घ्यावेत. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोकड स्वीकारली, तर स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

कॅम्पर व्हॅनचं स्वप्न असणाऱ्यांनी आरसीवरचा प्रकार आधी वाचावा. प्रवासी वाहतुकीच्या नोंदणीची ट्रॅव्हलर घेऊन आत पलंग आणि ओटा बसवला, म्हणजे ती खासगी कॅम्पर होत नाही. अशा बदलाला कलम 52 खाली मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. थकलेला वाहन कर किंवा प्रकार बदलल्यावरचा फरक घेणाऱ्याच्या गळ्यात पडू शकतो. नोंद नसलेल्या बदलावर विमा कंपनी दावा अडवू शकते.

विम्याबद्दल गैरसमज फार. गाडीबरोबर थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे गेला असं कलम 157 मानतं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग आपोआप जात नाही. घेणाऱ्याने 14 दिवसांत कंपनीकडे अर्ज करायलाच हवा. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. विकणाऱ्याने तो राखून ठेवल्याचं पत्र मागून घ्यावं. फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा, नाहीतर नवा मालक समृद्धी महामार्गावर चढेल आणि टोल जुन्याच्या खात्यातून कापला जाईल.

गाडी बाजारात गाडी ठेवायची असेल तर डीलर आरटीओकडे नोंदलेला आहे का, हे विचारावं. 1 एप्रिल 2023 पासूनच्या नियमांनुसार फॉर्म 29सी भरून गाडी अधिकृत डीलरच्या ताब्यात दिली, की ती विकली जाईपर्यंत तिची जबाबदारी डीलरवर येते. नोंदणी नसलेल्या दलालाला हे संरक्षण देता येत नाही.

यापूर्वी कधी गाडी विकली असेल, तर आजच परिवहनच्या पोर्टलवर तिचा नंबर टाकून मालकाचं नाव तपासा. अजून तुमचंच दिसत असेल तर घेणाऱ्याला फोन करा, आणि तो टाळत असेल तर विक्रीचा पुरावा जोडून वर्ध्याच्या आरटीओत लेखी अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.