मिरजेचा उरूस : सीमेवरील नगराचा वारसा

सांगली जिल्ह्यातील मिरज हे कृष्णाकाठच्या सुपीक प्रदेशातील एक जुने नगर होय. येथून कागवाडच्या रस्त्याने निघाले की म्हैसाळ मागे पडताच कर्नाटकाची हद्द लागते. मिरजेच्या बाजारपेठेत मराठी, कानडी आणि उर्दू या तिन्ही भाषा कानी पडतात. अशा सीमावर्ती नगराचा वारसा कोणता, तो कोणाचा आणि उत्सवाच्या रूपाने तो पुढील पिढीच्या हाती कसा द्यावयाचा, हे प्रश्न केवळ मिरजकरांचे नाहीत. सीमाभागातील प्रत्येक गावाला ते आज ना उद्या सोडवावे लागतात. त्या दृष्टीने मिरजेचा उरूस व त्यातील संगीतसभा यांचा अभ्यास उद्‌बोधक ठरेल.

सीमेवरील ठाणे

दख्खनच्या राजकारणात मिरजेचा किल्ला हे मोक्याचे ठाणे होते. पन्हाळा काबीज केल्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६० च्या प्रारंभी मिरजेस वेढा घातला होता. तथापि सिद्दी जौहरच्या स्वारीमुळे तो उठवावा लागला. पुढे १७३९ मध्ये छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत मिरज मराठ्यांच्या ताब्यात आली आणि १७६१ पासून पटवर्धन घराण्याचा अंमल येथे स्थिर झाला. कौटुंबिक वाटणीनंतर १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांनी सांगली ही आपली राजधानी केली. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिणेकडील भाग व विलीन संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला. १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव देण्यात आले.

या राजकीय घडामोडींत हद्दी अनेकदा बदलल्या. माणसांची ये-जा मात्र थांबली नाही. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी येथे रुग्णालय सुरू केले आणि दूरदूरचे रुग्ण मिरजेची वाट धरू लागले. रुंद, मीटर व अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ एकेकाळी मिरज स्थानकात एकत्र येत. नाटक मंडळ्या आणि गवई यांनाही हे गाव सोयीचे होते. बालगंधर्वांनी १९०५ मध्ये रंगभूमीवर पहिले पाऊल टाकले ते मिरजेतच. ज्याला आपण सीमा म्हणतो ती येथे रस्त्यांच्या भेटीची जागा ठरली.

उरूस आणि संगीतसभा

हजरत ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब यांचा दर्गा हे मिरजेचे श्रद्धास्थान आहे. उरूस हिजरी पंचांगाप्रमाणे येत असल्याने त्याची इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. उरुसाचा प्रारंभ चर्मकार समाजाच्या मानाच्या गलेफाने होतो, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. समाजाने ज्यांना शतकानुशतके दूर ठेवले, त्यांच्याकडे नगराच्या सर्वांत मोठ्या उत्सवातील पहिला मान असावा, याचे सामाजिक मोल शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य समजावून द्यावे.

किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ मध्ये उत्तरेकडील कैराना येथे झाला. म्हैसूर दरबाराशी त्यांचा संबंध आला आणि कर्नाटक संगीताचे संस्कारही त्यांनी आपलेसे केले. आजारपणात दर्ग्यात गायन करून त्यांना आराम पडला, अशी आख्यायिका मिरजेत सांगितली जाते. पुढे त्यांनी येथेच घर केले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे निधन झाले आणि मिरजेस दर्ग्याच्या परिसरात त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्यांच्या स्मरणार्थ उरुसाच्या काळात दर्ग्याच्या आवारात संगीतसभा भरते.

त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ मध्ये मिरजेत झाला. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व हे धारवाडकडील कुंदगोळचे. गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी हे सवाई गंधर्वांचे शिष्य. उत्तरेची गायकी मराठी मुलखात रुजली आणि कानडी कंठांतून बहरली. मिरजेच्या वारशाचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. नवरात्रात अंबाबाईच्या मंदिरातही मिरजेत संगीत महोत्सव होतो. दर्गा आणि देऊळ या दोन्ही ठिकाणी तोच सूर आणि तोच रसिक आढळतो.

शस्त्रांकडून वाद्यांकडे

या गायकीला साथ देणारी वाद्येही मिरजेतच घडली. येथील शिकलगार घराणी मूळची शस्त्रांना धार लावणारी. संस्थानी काळात शस्त्रांची मागणी घटल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फरीदसाहेब यांनी सतार-तंबोऱ्याच्या निर्मितीकडे वळून या व्यवसायाचा पाया घातला. पटवर्धन संस्थानिकांचा त्यास आश्रय लाभला. पंढरपूरकडील भीमाकाठच्या शेतांत पिकणारे मोठे भोपळे सुकवून आणावयाचे, तुणीसारख्या लाकडाची दांडी जोडावयाची, खुंट्या बसवावयाच्या आणि अखेरीस घोडी घासून जवारी काढावयाची, असा हा कामाचा क्रम आहे. यांपैकी जवारी काढणे सर्वांत कठीण. ते पुस्तकातून शिकता येत नाही. कान आणि हात दोन्ही तयार व्हावे लागतात आणि त्याला वर्षे लागतात.

मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची बाब आहे. मानांकनामुळे नावाचे रक्षण होते, परंतु कारागीर निर्माण होत नाहीत. विजेवरील तंबोऱ्याने मागणीला धक्का दिला आहे. कष्टाच्या मानाने मिळकत अपुरी वाटली तर घरातील तरुण दुसरी वाट धरणार, हे उघड आहे. उत्सवात वाद्य वाजते तेव्हा ते घडविणारा हात श्रोत्यांच्या दृष्टीआड राहता कामा नये.

वारशाची कसोटी

हा वारसा आपोआप टिकत नाही, याचा अनुभवही मिरजेने घेतला आहे. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातील एका स्वागत कमानीवरील चित्रावरून शहरात दंगल उसळली आणि संचारबंदी लागू करावी लागली. जे नगर एका गवयाच्या स्मरणार्थ दर्ग्यात सर्वांना एकत्र बसवते, त्याच नगरात इतिहासाच्या एका चित्रावरून शेजारी शेजाऱ्याच्या समोर उभा ठाकला. यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. इतिहास हा उत्सवाचा विषय झाला की कोणता प्रसंग निवडला आणि तो कशासाठी मांडला, याची जबाबदारी मांडणाऱ्यावर येते. वेढे व लढाया हा इतिहास आहेच आणि तो लपविण्याचे कारण नाही. परंतु गलेफाचा मान, गवयाची समाधी आणि शिकलगाराची कर्मशाळा हाही तितकाच खरा इतिहास आहे, आणि तो आजही जिवंत आहे.

शाळा आणि पंचायती काय करू शकतील

आपल्या गावाच्या उत्सवाला वारशाची जोड देऊ इच्छिणाऱ्या पंचायत सदस्यांनी प्रथम गावाची नोंदवही तयार करावी. तीत जुन्या वास्तू, शिलालेख, कलावंत आणि हस्तकौशल्ये यांची नोंद असावी. वृद्धांच्या आठवणी लिहून घेण्याचे काम वरच्या वर्गातील विद्यार्थी उत्तम प्रकारे करू शकतात. आख्यायिका व कागदोपत्री पुरावा यांची नोंद मात्र वेगवेगळी ठेवावी.

सीमाभागात माहितीफलक स्थानिकांच्या सर्व भाषांत असावेत. जत तालुक्यात कानडी माध्यमाच्या शाळा आहेत. तेथील मुलांना हा वारसा परका वाटू नये. उत्सवातील एक दिवस कारागिरांसाठी राखून त्यांचे काम विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष दाखवावे आणि या श्रमाचा योग्य मोबदला द्यावा. देखावे व कमानी यांविषयी सर्व समाजांच्या प्रतिनिधींशी आधीच विचारविनिमय केल्यास महसूल व पोलीस यंत्रणेवरील पुढचा ताण टळतो.

सातारा जिल्ह्यातील औंध येथे अंतुबुवा जोशी यांनी १९४० मध्ये आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ संगीत उत्सव सुरू केला आणि एका लहान गावाला संगीताच्या नकाशावर स्थान मिळवून दिले. अंतुबुवांचे गायनगुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. त्यांच्याचपाशी विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत शिकले. औंध आणि मिरज ही दोन गावे अशी एका गुरुपरंपरेने जोडलेली आहेत. मोठा खर्च वा भव्य मंडप यांवाचूनही असे उत्सव पिढ्यान्‌पिढ्या चालू शकतात. त्यासाठी नेमाने येणारा श्रोता आणि त्याच्याशेजारी बसून ऐकणारे मूल एवढे असले तरी पुष्कळ झाले. गावाच्या उत्सवात अशा मुलासाठी जागा ठेवणे, हे शाळा आणि पंचायत या दोघांचेही कर्तव्य आहे.